आधी बॅटरी सोडवा, मग टॅबला हात लावा

नागपूर-भंडारा महामार्गावर मौद्याच्या अलीकडे-पलीकडे ट्रकची कामे चालतात, तेथे एक रिवाज पाहायला मिळतो. चॅसीला वेल्डिंग करायचे असले की काम शिकणारा पोरगा कोणी सांगायची वाट पाहत नाही. पाना उचलतो, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडतो आणि बाजूला करून ठेवतो. त्याला विद्युतशास्त्र ठाऊक असतेच असे नाही. तार न सोडता वेल्डिंग केले तर डायनामो जातो आणि उस्तादाचा हात आपल्या कानाखाली बसतो, एवढे त्याला माहीत असते आणि तेवढे पुरते.

याच गावच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत आणि तेथे आता टॅबही येऊ लागले आहेत. ही कामे करणारी मुले हुशार आहेत, मेहनती आहेत. त्यांतील बहुतेकांनी हे काम कोणत्याही शाळेत न जाता, उस्तादाच्या शेजारी स्टुलावर बसून शिकून घेतले आहे. पण ट्रकवाल्यांनी जपलेला तो साधा रिवाज आमच्या मोबाइलवाल्यांच्या हातून निसटला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅब उघडला जातो, फुटलेला फोल्डर निघतो, नवा लागतो आणि हे सगळे होईपर्यंत बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या शेजारच्या एका मुलीच्या टॅबचे. टॅब हातातून पडला आणि काच फुटली. आतले चित्र स्वच्छ दिसत होते, बोटही चालत होते. दुकानदाराने संध्याकाळी या म्हणून सांगितले. संध्याकाळी जो टॅब हाती आला तो अंधारा. आवाज येत होता, चार्जर लावला की टिंग वाजत होते, पण पडदा काळा. दिव्याखाली तिरपा धरला तर मागे अंधुक अक्षरे दिसत. दुकानदार म्हणाला, "पडला होता ना, बोर्डाला मार बसला असेल." मुलीच्या वडिलांनी मान डोलावली. त्यांना काय कळणार? मला मात्र ते पटले नाही. सकाळी जो टॅब उजेड देत होता त्याच्या बोर्डाला दुपारी मार कसा बसला?

नागपुरात एका कारागिराने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बॅकलाइटच्या लाइनवरचा राईच्या दाण्याहून लहान असा एक भाग जळालेला होता. त्याने आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न असा : "फोल्डर बॅटरी न काढता लावला होता का?"

आता यामागचे कारण समजून घ्या, कारण ते समजले की हात आपोआप सावध होतो. टॅबची बॅटरी ३.७ ते ३.८५ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर ४.२ ते ४.४ पर्यंत जाणारी. पडद्यामागे मात्र लहान लहान एलईडी एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांची माळ पेटवायला एवढे व्होल्ट पुरत नाहीत. म्हणून बोर्डावरचे एक सर्किट तेच व्होल्ट वाढवून वीसच्या आसपास, कधी त्याहून वर नेते. हा वाढीव सप्लाय ज्या कनेक्टरमधून पडद्याकडे जातो त्याच कनेक्टरमध्ये, केसाएवढ्या अंतरावर, चित्राचे सिग्नल नेणाऱ्या नाजूक लाइनी असतात. त्यांना दोन व्होल्टही जास्त होतात. कनेक्टर किंचित तिरपा बसला, पिनेला पिन टेकली, की संपले. कधी फ्यूज जातो, कधी कॉइल, कधी बॅकलाइटची आयसी, आणि नशीब फारच फुटके असले तर मुख्य प्रोसेसर.

"पण मी तर टॅब बंद करूनच उघडतो," असे आमचे मित्र म्हणतात. बटन दाबून बंद केलेला टॅब हा बंद नसतो, झोपलेला असतो. बॅटरीचा सप्लाय पॉवर आयसीच्या दारापर्यंत आलेलाच असतो. बऱ्याच सर्किटांत तो कॉइल आणि डायोडमधून बॅकलाइटच्या पिनेपर्यंतही पोहोचलेला असतो. काम करताना बाजूचे बटन दबले किंवा चार्जर लावून पाहिला की टॅब उठतो. शिवाय ज्याचा पडदाच गेला आहे तो टॅब बंद आहे की चालू, हे तुम्ही ओळखणार कसे?

जुने लोक आठवतील, की नोकिया ११०० च्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. मागचे झाकण सरकवले की बॅटरी हातात. गिऱ्हाइकाने हँडसेट काउंटरवर ठेवला की आपला हात आधी तिकडेच जायचा. सिमसुद्धा बॅटरी काढल्याशिवाय निघत नसे. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या सदोष असू शकतात असे जाहीर केले, तेव्हा लोक घरच्या घरी बीएल-५सी काढून तिच्या पाठीवरचे नंबर वाचत होते. बॅटरी काढणे हे पोराटोरांचे काम होते. पुढे कंपन्यांनी पातळपणाच्या नादात बॅटरी आत चिकटवून टाकली. ती दिसेनाशी झाली आणि दिसेनाशी झाली म्हणून विसरली गेली. युरोपीय संघाने आता कायदाच केला आहे, की १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या अशा लहान उपकरणांची बॅटरी काही अपवाद सोडल्यास वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. त्याचा फायदा आपल्यापर्यंत कधी येईल तो येवो. आज टेबलावर जो टॅब पडला आहे त्याची बॅटरी गोंदाखालीच आहे.

त्याही आधी टीव्हीचे मेकॅनिक होते. पिक्चर ट्यूबच्या डोक्यावरच्या रबरी टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट असत आणि स्विच बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये टिकून राहत. उस्ताद पोराला पेचकस हाती देण्याआधी ट्यूब डिस्चार्ज करायला शिकवत, कारण चूक झाली तर झटका पोरालाच बसे. टॅबचे तसे नाही. चार व्होल्टचा झटका बोटाला लागत नाही. नुकसान होते ते दुसऱ्याच्या मालाचे, आणि तेही आवाज न करता. शिस्त ढिली पडण्याचे खरे कारण मला तर हेच वाटते.

अर्थात चार व्होल्ट म्हणजे किरकोळ, असेही कोणी समजू नये. टॅबची ७००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे २७ वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी बल्ब तीन तास पेटता राहील एवढी ऊर्जा. नोकियाच्या त्या लहान बॅटरीच्या सातपट. ही सारी ऊर्जा एका चांदीसारख्या मऊ पिशवीत भरलेली असते आणि आतले दोन थर एकमेकांपासून वेगळे ठेवणारा पडदा कागदाहून पातळ असतो. २०१६ साली सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा आपला मोठा फोन जगभरातून परत घ्यावा लागला, तो बॅटरीच्या आतल्या अशाच दोषांमुळे. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. टॅबची बॅटरी त्या मानाने खूप लहान, पण आतला मसाला त्याच जातीचा. आणि आपली दुकाने कशी आहेत? दहा बाय आठची खोली, वर पत्रा, बाहेर मे महिन्याचे ४५ अंशांचे ऊन, मागे खोक्यांचा ढीग आणि एकच दार.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

टॅब घेताना त्यात चार्ज किती आहे ते पाहावे. पाव हिश्श्याहून जास्त असेल आणि पडदा चालत असेल तर एखादा व्हिडिओ लावून उतरू द्यावा. रिकाम्या बॅटरीला इजा झाली तरी ती भरलेलीइतकी भडकत नाही. पडदा बंद असेल तर बॅटरी भरलेली आहे असेच धरून चालावे. मग टॅब बंद करावा, चार्जर काढावा, सिम आणि कार्डाचा ट्रे बाहेर घ्यावा. ट्रे आत राहिला की झाकण उचलताना तो अडकतो आणि सॉकेटच्या पिना वाकवतो. हे दुखणे तर रोजचेच आहे.

टॅब उघडणे हे सर्वांत नाजूक काम, कारण तेवढा एकच टप्पा असा की बॅटरी जोडलेली असताना करावाच लागतो. म्हणून येथे लोखंड नको. ब्लेड किंवा धातूचा ओपनर आत घुसला की कुठे बोर्ड आहे आणि कुठे बॅटरीची पिशवी हे हाताला कळत नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरा. जुने एटीएम कार्ड कापून केलेलीही चालते. ती कडेने फिरवायची, आत खोल ढकलायची नाही. गोंद मऊ करायला ऊब हवी, पण तीही कडांनाच. तीनशे अंशांवर चालणारा एसएमडीचा ब्लोअर टॅबच्या पाठीवर मधोमध फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी चहा पिण्याची माझी हिंमत होत नाही.

झाकण निघाले की दुसरे काहीही करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर शोधावा. बहुतेक टॅबमध्ये बॅटरी मधोमध असते आणि तिची पट्टी किंवा तारा बोर्डाच्या कडेला जातात. वर कधी काळी टेप असते, कधी पत्र्याची लहान पट्टी स्क्रूने बसवलेली असते. कनेक्टर दाबून बसणारा असेल तर प्लॅस्टिकची काडी कडेखाली घालून सरळ वर उचलायचा. पिळायचा नाही, आडवा ओढायचा नाही. तारांचे सॉकेट असेल तर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना नखांनी थोडे थोडे सरकवत काढायचे. तारा धरून ओढल्या की सॉकेट बोर्डावरून मुळासकट निघते, आणि मग गिऱ्हाइकाला काय सांगायचे याचा विचार करत बसावे लागते. कनेक्टर सुटला की तो थोडा मागे वळवून त्यावर टेपचा तुकडा लावावा, म्हणजे काम करताना तो आपोआप जागेवर जाऊन टेकणार नाही.

स्वस्तातल्या टॅबमध्ये तारा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. तेथे कटरने लाल-काळी तार एकाच वेळी कापण्याचा मोह होतो आणि कटरच्याच दातांनी दोन्ही तारा शॉर्ट होतात. आधी काळी सोल्डर तापवून काढा, तिचे टोक टेपने झाका, मग लाल. तिसरी बारीक तार असली तर ती तापमान कळवणारी; तिची जागाही लिहून ठेवा. जोडताना उलट, काळी शेवटी.

आयपॅडचे वेगळे. त्याच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरीची टोके बोर्डाच्या खाली दबलेली असतात आणि वर उचलण्यासारखा कनेक्टरच नसतो. तेथे स्क्रू काढून, बोर्ड आणि बॅटरीची टोके यांच्यामध्ये पातळ अधातूची पट्टी सरकवतात. त्यासाठी बनवलेल्या पट्ट्या मिळतात. ज्याच्याकडे ती पट्टी नाही आणि ज्याने हे काम एकदाही पाहिलेले नाही त्याने आयपॅड घेऊ नये. नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

बॅटरी सुटल्यावर पॉवरचे बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरमधला उरलेला चार्ज उतरतो. शंका असेल तर मल्टिमीटर आहेच. यानंतर फोल्डर काढा, चार्जिंगची पट्टी बदला, जे करायचे ते करा.

एवढे सगळे नीट करूनही खरा घात पुढे होतो, तो टेस्टिंगच्या वेळी. नवा फोल्डर लावला, बॅटरी जोडली, टॅब चालू केला आणि पडद्यावर काही आले नाही. साहजिकच वाटते की कनेक्टर नीट बसला नसेल. आणि बॅटरी तशीच जोडलेली ठेवून हात पडद्याच्या कनेक्टरकडे जातो. काढला, दाबला, पुन्हा काढला. शेजारच्या मुलीच्या टॅबचे असेच झाले असावे, कारण सुरुवातीला बॅटरी सोडवणारे अनेक जणही या वेळी ती पुन्हा सोडवत नाहीत. पडद्याला हात लावायचा तर दर वेळी बॅटरी आधी सुटलीच पाहिजे. दहा वेळा लावायचा तर दहा वेळा. कंटाळा येतो खरा.

स्क्रू मोजून ठेवावेत ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्याचे एक कारण मात्र कमी लोक सांगतात. सांडलेला स्क्रू बॅटरीखाली राहिला तर झाकण दाबून बसवताना किंवा पुढे महिन्याभराने कोणी टॅबवर वही ठेवून दाबली तरी तो पिशवीत रुतू शकतो.

फुगलेली बॅटरी आली तर सारे नियम कडक. तिला चार्ज करायचे नाही, दाबायचे नाही, हवा काढायला टोचायचे तर मुळीच नाही; आतला वायू पेट घेणारा असतो. ती चिकटलेली असेल तर पेचकसाने उपटू नका. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, थोडे थांबा आणि मजबूत दोरा किंवा प्लॅस्टिकची पट्टी सरकवा. टेबलाखाली कोरड्या वाळूची बादली असू द्या. कन्हानच्या काठच्या माणसाला वाळूचे काय ते अप्रूप! बॅटरीतून धूर निघालाच तर ती जमले तर वाळूत टाकून बाहेर न्या आणि स्वतः आधी बाहेर पडा. तो धूर विषारी असतो. पोराला आत थांबवून गल्ला उचलायला लावू नका.

"दहा वर्षे झाली, माझ्या हातून असे काही झाले नाही," असे एका जाणत्या दुकानदाराने मला ऐकवले. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. बॅटरी न सोडवता केलेली बरीच कामे बिनबोभाट पार पडतात, हे खरेच आहे. पण त्यांना मी विचारले, की या दहा वर्षांत "बोर्डच गेला आहे" असे किती गिऱ्हाइकांना सांगितले? आणि त्यांतले किती बोर्ड दुकानात येण्याआधी गेलेले होते? त्यांनी उत्तर दिले नाही. मला वाटते, त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसावे.

दुसरा आक्षेप मजुरीचा. काच बदलण्याचा दर बाजारात ठरलेला. बॅटरी सोडवण्यात, पुन्हा पुन्हा जोडण्यात वेळ जातो, तो कोण देणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मोठेपणाच्या गप्पांनी उत्तर देता येत नाही. शेजारचा दुकानदार पन्नास रुपये कमी घेऊन अर्ध्या तासात देत असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाणारच. माझे म्हणणे असे, की मौद्यासारख्या गावात, जेथे दुकाने मोजकी आणि सगळे एकमेकांना ओळखतात, तेथे टॅबची मजुरी मोबाइलच्या मजुरीपेक्षा वेगळी ठरवून घ्यावी. टॅब हे मोठ्या आकाराचा मोबाइल नव्हे. त्याचा पडदा मोठा, गोंद जास्त, बॅटरी मोठी, जोखीम जास्त. आज दोन्हींची मजुरी जवळपास एकच लावली जाते आणि मग तो फरक घाईतून वसूल होतो.

गिऱ्हाईक कोण आहे हेही पाहा. टॅब शौकासाठी घेणारे असतीलही. पण अरोली, कोदामेंढी, तारसा, चाचेर या बाजूंनी टॅब घेऊन येणारी मुले बहुधा अभ्यासाची असतात. नागपुरात मुख्यालय असलेल्या महाज्योतीने इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त समाजातील मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले आहेत. मुंबई महापालिकेने तर २०१५ सालीच आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले होते. असा टॅब बिघडला तर घरातून दुसरा येत नाही. परीक्षेला दोन महिने असताना तो आपल्याकडे अमानत म्हणून येतो, आणि आपण "बोर्ड गेला" म्हणून परत करतो.

यासाठी एक साधी गोष्ट करता येईल. टॅब घेताना जी चिठ्ठी फाडतो तिच्यावर दोन ओळी वाढवा : घेताना काय काय चालत होते, आणि बॅटरी सोडवून काम केले की नाही. गिऱ्हाइकासमोर पडदा, आवाज, कॅमेरा, चार्जिंग तपासून लिहा. यात गिऱ्हाइकाची सोय आहेच, दुकानदाराचीही आहे. आधीच बिघडलेला टॅब आणून "तुम्हीच बिघडवला" म्हणणारेही कमी नाहीत.

नवी बॅटरी घालताना सीताबर्डीच्या बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती उचलू नये. लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. छापील नंबरही खोटा असू शकतो, म्हणून तो ब्युरोच्या यादीत पाहून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

राहता राहिल्या काढून टाकलेल्या जुन्या बॅटऱ्या. बऱ्याच दुकानांत त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुट्या स्क्रूंबरोबर पडलेल्या असतात. पत्रा, स्क्रू आणि उघडी टोके यांचा तो सारा संसार एका धक्क्याने शॉर्ट होऊ शकतो. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर टेप लावा, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात वाळू घालून ठेवा आणि दुकानाच्या आत नव्हे, सावलीत बाहेर ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गावातल्या चार दुकानांनी मिळून साठवल्या तर नागपूरच्या खेपेला एकत्र नेऊन नोंदणीकृत संकलन केंद्रावर देता येतील. पार्ट आणायला चाळीसेक किलोमीटर कोणी ना कोणी जातच असतो. फक्त बसच्या डिकीत टाकून नेऊ नका, आणि फुगलेल्या इतरांबरोबर एकाच पिशवीत तर मुळीच नको.